पट एकाने कमी

तपासणीचे साहेब वर्गावर्गात फिरून डोकी मोजत होते आणि गणिताच्या बाई हजेरीची वही घेऊन त्यांच्या मागोमाग. पाचवीतली दोघं तापाने घरी होती. त्यांच्या आया स्वतः येऊन सांगून गेल्या, म्हणून तीही धरली. तरी बेरीज एकशे वीसवरच अडली.

"आहेत तेवढे शिक्षक ठेवायला एकशे एकवीस लागतात," साहेब म्हणाले. "एक शिक्षक अतिरिक्त ठरणार. सगळ्यांत नवीन कोण?"

सगळ्यांत नवीन विज्ञानाचे सर होते. रिकाम्या बाटल्या, सुतळी आणि चार भिंगं एवढ्यावर त्यांनी प्रयोगशाळा चालवली होती, कारण साहित्याचे पैसेही पटावरच मिळायचे आणि पट दरवर्षी घसरत होता. ज्यांना जमेल ते पालक पोरांना पुलापलीकडच्या शाळेत घालत. तीही सरकारीच, पण तिथे पट मोठा म्हणून पैसा मोठा, आणि पैसा मोठा म्हणून पट मोठा.

"अहो, एका पोरासाठी?" हेडबाईंचा आवाज चढला.

"बाई, आकडा मी ठरवत नाही," म्हणत साहेब चहा न घेताच गेले.

गणिताच्या बाईंनी हजेरीची वही मिटली. त्यांची लेक सहावीत होती. ही शाळा घरापासून पाच मिनिटांवर. तरी दोन वर्षांपूर्वी त्यांनी मावशीचा पत्ता लावून तिला पुलापलीकडे घातलं होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी सरांचा बदलीचा कागद आला. सर कपाट आवरत असताना बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"कुठे दिली?"

"पुलापलीकडे. तिथे एक जागा वाढली." सर हसले. "तुमची लेक माझ्याच वर्गात येणार, बघा."

"सर, ती इथे असती तर..."

"तर मी पुढच्या वर्षी गेलो असतो. खरं सांगू? मला मुलगी असती तर मीही तिकडेच घातली असती." त्यांनी किल्ली पुढे केली. "सामान इथेच ठेवतोय. तिकडे सगळं आहे म्हणे."

ते चिडले असते तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं. निदान आपल्याला रडू यायला हवं होतं. तेही आलं नाही. त्यांनी किल्ली घेतली आणि मिळाल्याची सही केली.

रात्री नवऱ्याने विचारलं, "मग, तिला परत आणायची म्हणतेस?"

"आणून काय? पद गेलं ते गेलं."

"मग?"

"मग काही नाही. वाढू का?"

सोमवारपासून सहावी-सातवी एका खोलीत बसली. अर्ध्या फळ्यावर बाई सहावीचे अपूर्णांक लिहीत, उरलेल्या अर्ध्यावर सातवीचं विज्ञान पुस्तकातून उतरवून देत. पहिल्याच तासाला मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, प्रयोग कधी करायचा?"

"आकृती दिलीय. ती काढ," बाई म्हणाल्या आणि सहावीकडे वळल्या.