अक्काची साक्ष

गावातल्या झाडून सगळ्या वकिलांचे काळे कोट बेबीच्या लाँड्रीत यायचे. त्यामुळे घटस्फोटासाठी वकील शोधताना आपल्याला फार वणवण करावी लागणार नाही, असं तिला वाटलं होतं. बेबी हे तिचं घरातलं नाव. शेंडेफळ म्हणून लहानपणी पडलं आणि चाळिशी उलटली तरी चिकटून राहिलं. पंच्याहत्तरीचे आजोबासुद्धा दुकानात येऊन, "बेबीताई, इस्त्री झाली का?" असं विचारायचे आणि त्यात कुणाला काही गंमत वाटायची नाही.

तिचा नवरा ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा. बोलायला साखरेसारखा. अर्ध्या गावाने त्याच्या हाताखाली गाडी शिकली होती. त्यातल्याच एका बाईशी त्याचं सूत जुळलं. लायसन्स हातात पडून वर्ष झालं तरी त्या बाईचं शिकणं काही संपेना, तेव्हा बेबीच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने त्याला विचारलं, त्याने कानांवर हात ठेवले. पुन्हा विचारलं, तेव्हा तो हसला. त्या हसण्याने तिचं मन उडालं ते उडालंच.

तिने ही गोष्ट फक्त अक्काला सांगितली. अक्का तिची थोरली बहीण. दोन गल्ल्या पलीकडे एकटीच राहायची. नवरा कधीचाच गेलेला, मूलबाळ नाही. बेबीची लेक शाळा सुटली की मावशीकडेच जायची. तिथेच खायची, अभ्यास करायची, आणि लाँड्रीचं शटर खाली ओढून बेबी तिला घ्यायला जायची. आई गेल्यापासून बेबीला आईच्या जागी अक्काच होती. तेव्हा "मी आता वेगळी होणार, वकील बघते" हे तिने अक्काच्या स्वयंपाकघरात बसून, तिच्या खांद्यावर डोकं टेकून सांगितलं. अक्काने पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, घाई करू नकोस, थोडं थांब. बेबी थांबली. तिथेच तिचं चुकलं.

महिन्याभराने ती पहिल्या वकिलाकडे गेली. जाडजूड, भारदस्त माणूस. ती दिसताच स्वतः उठून त्याने खुर्ची पुढे केली, कोटाला गेल्या खेपेला छान चमक आली होती म्हणून कौतुक केलं. तिने कामाचं सांगितलं आणि त्याचा चेहराच उतरला. हे काम आपल्याला घेता येणार नाही, म्हणाला. का ते विचारू नका, सांगता येणार नाही. दुसऱ्याच्या ऑफिसात तर आतही जाऊ दिलं नाही. साहेबांना वेळ नाही, असा निरोप बाहेर आला, आणि अर्धवट उघड्या दारातून साहेब आरामात पेपर वाचताना तिला दिसले.

तिसऱ्या एक म्हाताऱ्या वकीलबाई होत्या, फटकळ म्हणून प्रसिद्ध. त्यांनी बेबीला बसवलं, पाणी दिलं, आणि तिचं वाक्य अर्ध्यावर तोडलं.

"ताई, पुढे काही बोलू नका. एका बाजूने येऊन माझ्याशी सल्लामसलत केली असली, की मला दुसऱ्या बाजूचं काम घेता येत नाही. ऐकताही येत नाही. एवढंच सांगते. बाकी तुम्ही समजून घ्या."

बेबी समजली. जिना उतरताना तिने कठडा घट्ट धरला होता. नवरा तिच्या आधी सगळ्यांकडे जाऊन आला होता. घर मोडायची कामं करणारे गावात हे तिघंच, आणि तिघांचीही दारं त्याने तिच्यासाठी लावून टाकली होती. पण तिला खरा चटका बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. ती वकील करणार आहे हे त्याला कळलं कसं? तिने घरात चकार शब्द काढला नव्हता.

ती दुकानात न जाता सरळ अक्काकडे गेली. अक्का ओट्याशी भाजी निवडत होती. बेबीने दारातूनच विचारलं, आणि अक्काने मान वर न करता निवडणं चालू ठेवलं. तेवढ्यावरूनच बेबीला उत्तर मिळालं. तरी तिला ते तोंडाने ऐकायचं होतं.

आधी अक्का म्हणाली, तुझ्या भल्यासाठीच सांगितलं. त्याला धाक बसेल, ताळ्यावर येईल असं वाटलं. मग म्हणाली, तो रडला माझ्यापुढे. बेबी हलेना, तेव्हा उरलेलं हळूहळू बाहेर आलं. शेवटच्या वकिलाकडे नवरा एकटा गेला नव्हता. अक्का त्याच्यासोबत गेली होती. लेकीचा ताबा त्याला हवा होता, आणि बेबी दिवसभर दुकानात असते, पोरीला खरं म्हणजे मावशीच वाढवते, असं अक्का कोर्टात सांगणार होती.

"आणि मग ती त्याच्याकडे राहणार?" बेबीने विचारलं. "त्याला तिची इयत्ता तरी माहीत आहे का?"

"त्याच्याकडे नाही," अक्का म्हणाली. आता तिने वर पाहिलं. "माझ्याकडे. त्याने शब्द दिलाय. नावाला त्याच्याकडे, पण राहील माझ्याकडे. तू वेगळी झालीस की तिला घेऊन कुठल्या कुठे जाशील. मग मी काय करायचं गं? या भिंतींशी बोलत बसू?"

बेबीला भांडायचं होतं. तोंडाशी शब्दही आले होते. पण अक्काच्या चेहऱ्यावर कसलीच लाज नव्हती. भूक होती नुसती. बेबी तशीच परत फिरली. त्या संध्याकाळपासून लेक शाळेतून थेट लाँड्रीत येऊ लागली, आणि कपड्यांच्या गाठोड्यांमध्ये टेबल लावून अभ्यास करू लागली. मावशीकडे का नाही, असं तिने पहिले काही दिवस विचारलं. मग विचारायचं सोडून दिलं.

नवऱ्याने ज्याची गाठ घेतली नव्हती असं गावातल्या जुन्या वकिलांत कुणीच उरलं नव्हतं, म्हणून बेबीने शेवटी नुकतीच गावात आलेली एक तरुण वकीलबाई गाठली. सायकलच्या दुकानावर तिचं ऑफिस. खोकी अजून फोडलेली नव्हती, खिडकीला पडदे नव्हते, आणि खुर्ची एकच, त्यामुळे वकीलबाई स्वतः खोक्यावर बसली. पण ऐकून मात्र तिने मन लावून घेतलं. नवऱ्याचं सगळं ऐकल्यावर ती म्हणाली, त्याची मला फारशी काळजी नाही. काळजी आहे ती तुमच्या बहिणीच्या साक्षीची. सख्खी बहीण विरुद्ध बोलली की वजन पडतं. पोरीला सांभाळायला ती लायक नाही असं वाटायला लावणारं काही आहे का?

होतं. आणि बेबीने रागाच्या भरात ते सांगून टाकलं.

खूप वर्षांपूर्वी, तिसऱ्यांदा मूल पोटातच गेल्यानंतर, अक्काने शेजारणीचं तान्हं बाबागाडीतून उचललं होतं आणि ती चालू लागली होती. गल्लीत हलकल्लोळ उडाला. बेबीला ती बसस्टँडवरच्या बाकावर सापडली, त्या बाळाला मांडीवर घेऊन गुणगुणत. बेबीने बाळ परत नेलं आणि शेजारणीला सांगितलं की मीच त्याला जरा फिरवायला नेलं होतं, सांगायचं राहिलं. शेजारणीने तिचा उभा उद्धार केला. मुलं पळवणारी म्हणून पुढे कितीतरी दिवस बायका बेबीला बघून आपली पोरं जवळ ओढायच्या. तिने ब्र काढला नाही.

वकीलबाईने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे मी विचारलं तर त्यांची साक्ष तिथल्या तिथे कोसळेल. पण पुढचं तुम्हाला निस्तरावं लागेल. विचारू का, ते त्या दिवशी तुम्ही मला सांगा."

साक्षीच्या दिवशी अक्का तिची ठेवणीतली साडी नेसून आली होती. ती साडी बेबीनेच दरवेळी हाताने धुतलेली. अक्का पिंजऱ्यात उभी राहिली आणि पाठ केल्यासारखी बोलली. धाकटीला घराची ओढ कमी. पोरीला ताप आला तर मावशीच जागते. धाकटी तापट आहे. तापाचं ऐकून बेबीच्या कानांतून वाफा निघाल्या. लेकीच्या प्रत्येक तापात उशाशी कोण बसलं होतं हे अक्काला पक्कं ठाऊक होतं. तीच सकाळी विचारायला यायची, उतरला का म्हणून. नवरा पलीकडे मान खाली घालून बसला होता, सोज्वळ.

वकीलबाई उठली. दोन-चार साधे प्रश्न विचारले, आणि मग वळून तिने बेबीकडे पाहिलं.

बेबीला तो बाक दिसला. अक्काचा विस्कटलेला अंबाडा, ते गुणगुणणं. बाळ काढून घेताना अक्का बोटं सोडेना, एकेक बोट सोडवावं लागलं होतं. बेबीने मान हलवली. नाही.

वकीलबाई खाली बसली.

निकाल मात्र बेबीच्याच बाजूने लागला. न्यायाधीशांनी लेकीला आपल्या खोलीत बोलावून एकटीशी बोलून घेतलं. ती काय म्हणाली हे तिने कधी सांगितलं नाही आणि बेबीने विचारलं नाही. ताबा आईला, सुट्टीच्या दिवशी बापाची भेट. पहिल्या दोन भेटींना नवरा आला. नंतर त्याला कामं निघू लागली. अक्काला दिलेल्या शब्दाचं पुढे नावही कुणी काढलं नाही.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या जिन्यात दोघी बहिणी समोरासमोर आल्या. अक्का थकलेली दिसत होती, पण मान ताठ.

"तुझ्या वकीलबाईला मला काही विचारता आलं नाही," ती म्हणाली. "येणारच नव्हतं. मी खोटं काही बोललेच नव्हते."

बेबीने तिच्याकडे पाहिलं. न बोलण्याचं काही तरी समाधान वाटेल, अशी तिची समजूत होती. तसलं काही वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की त्या बाकावरून जिला तिने घरी आणलं होतं, ती बहीण तिला पुन्हा भेटणार नव्हती. जिना अरुंद होता. ती भिंतीला टेकून बाजूला झाली, अक्काला आधी उतरू दिलं. मग लेकीचा हात धरून ती दुकानाकडे निघाली. गिऱ्हाइकांचे कपडे सकाळपासून तसेच पडले होते.