चोरांसाठी स्विच

मिस्त्रींनी बॅटरीची काळी केबल सोडवली, चुकून कुठे टेकू नये म्हणून तिच्या टोकावर जुना मोजा चढवला आणि ते जावयाकडे वळले.

"कुठे बसवू? लोक सीटखाली बसवतात."

"चोर पहिल्यांदा तिथेच बघतो, मामा." जावई वर्कशॉपच्या दारात उभा होता. आत येऊन बसा म्हटलं तरी बसला नव्हता. "कुणाला सापडणार नाही असा बसवा. तुमच्या लेकीलासुद्धा."

मिस्त्री हसले. मुठीएवढा लाल स्विच त्यांच्या हातात होता. तो फिरवला की बॅटरीचा गाडीशी संबंध तुटतो. मग किल्ली असली काय अन् नसली काय, गाडी म्हणजे दगड. खाणीवर चोऱ्या वाढल्यात, असं जावई म्हणत होता. तो खाणीवर मुकादम होता आणि राहायचा तिथेच, नदीपलीकडच्या एकुलत्या एका घरात. पात्रातल्या गोट्यांवरून आणि पुढच्या चढावरून जाणारी हीच एक गाडी होती. तिच्याशिवाय त्या घरी जाता येत नव्हतं, आणि तिथून निघताही येत नव्हतं.

"तिच्यापासून लपवायचं म्हणजे अवघड काम सांगितलंत," मिस्त्री म्हणाले. लेक याच वर्कशॉपात पाने उचलून देत मोठी झाली होती. गिऱ्हाइकं तिला छोटा मिस्त्री म्हणत. "ती बॅटरीपासून निघते आणि वायरीवरचा हात सोडत नाही. शेवटपर्यंत जाते."

"म्हणून तर तुमच्याकडे आलो. दुसऱ्या कुणाचं काम ती चहा उकळेपर्यंत उघडं पाडेल."

"म्हणजे तिला सांगायचंच नाही?"

"कशाला उगाच? तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. चार जणांत बोलली की झालंच."

मिस्त्रींनी मान डोलावली. शाळेत असताना या मुलीच्या तोंडून शब्द काढायचा तर बाईंना घाम फुटायचा. पण जावयाचं बोलणं कोण खोडून काढणार. लग्न झालं की माणसं बदलतात, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि कामाला लागले.

कामाची झिंग मात्र त्यांना चढत गेली. लेक कशी शोधेल याचा विचार करत ते एकेक जागा बाद करत गेले. शेवटी युक्ती सुचली. काळी केबल जिथे चेसिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, आवळलेली असते तिथेच ती पुन्हा आवळायची, पण खाली फायबरचा वॉशर घालून. वरून बघणाऱ्याला सगळं होतं तसंच दिसणार, आणि वीज मात्र तिथे थांबणार. मग त्याच बोल्टपासून दुसरी केबल चेसिसच्या पोकळीतून मागे न्यायची, थेट मागच्या चाकापर्यंत, आणि स्विच तिथे बसवायचा. लेक या बोल्टपाशी येईल, तो घट्ट आहे असं बघेल आणि परत फिरेल. मिस्त्रींना तिचं ते परत फिरणं डोळ्यांसमोर दिसलं आणि त्यांना गंमत वाटली.

केबल ओवायला ते गाडीखाली सरकले. स्टार्टरजवळून जाताना सवयीने त्याच्या बोल्टांवरची रबरी टोपी चाचपली. टोपीवर नवी टेप होती. गाडीचं पोट चिखलाने माखलेलं, आणि टेपवर धूळसुद्धा नाही. त्यांनी ती सोडवली. दोन्ही बोल्टांवर ठिणग्यांचे ताजे काळे चट्टे होते. कुणीतरी मध्ये पाना धरून किल्लीशिवाय गाडी सुरू केली होती.

"चोरांनी हात घातला होता वाटतं," मिस्त्री खालूनच म्हणाले.

"तेच तर सांगतोय."

मिस्त्री बोटांतल्या टेपकडे बघत राहिले. तिचं टोक आत दुमडलेलं होतं, पुढच्या वेळी नखाने सहज निघावं म्हणून. हे त्यांनीच शिकवलं होतं, एकाच व्यक्तीला. चोर कशाला टोपी परत बसवेल? तो तर गाडी घेऊन जाईल.

जिच्या हातात किल्ली आहे ती बाई गाडीखाली कशाला शिरेल?

जावयाचे बूट दारातून हलले आणि गाडीच्या अगदी कडेला येऊन थांबले.

"हात थांबला, मामा?"

"जागा अडचणीची आहे." मिस्त्रींनी टोपी बसवली, टेप गुंडाळली, टोक आत दुमडलं. "तिचा फोन लागत नाही हो बरेच दिवस."

"पडला. फुटला."

मागच्या वेळी विचारलं तेव्हा तिकडे रेंज नाही म्हणाला होता. काम टाकलं तर हा दुसऱ्याकडून करून घेईल, आणि मग या दारात पुन्हा उभाही राहणार नाही. त्यांनी केबल पुरती ओवली, स्विच बसवला, नट आवळले. जावयाने स्विच फिरवून किल्ली मारली. गाडीने हूं की चूं केलं नाही. त्याने पुन्हा एकदा करून बघितलं.

"याला म्हणतात काम."

"हादऱ्यांनी नट ढिले पडतात," मिस्त्री हात पुसत म्हणाले. "चढावर एकदा बघायला हवं. येतो मी बरोबर."

"परत कसे येणार? मी आज पुन्हा खाली उतरणार नाही."

"बघू की."

जावयाने खांदे उडवले.

घरासमोर गाडी थांबली तेव्हा ऊन अजून होतं. लेक दारात आली. तिने आधी गाडीकडे बघितलं, मग वडिलांकडे. ती वाळली होती. जावई मागच्या चाकाशी वाकला. खट्ट आवाज झाला आणि तो हात झटकत आला.

"बाबा? तुम्ही कसे काय?"

"गाडीला बॅटरीचा स्विच बसवलाय. चोऱ्या होतात ना इकडे."

"मामांची हौस," जावई म्हणाला. तो हसत होता.

लेकीने मान खाली घातली. नवी वस्तू दिसली की कुठे बसवली, कशी बसवली, असं विचारून जीव खाणारी पोर. तिने काहीच विचारलं नाही.

"डाव्या मागच्या चाकाच्या वर," मिस्त्री म्हणाले. "चेसिसच्या आतल्या बाजूला. हात वर घातलास की लागेल. उजवीकडे फिरवायचा."

लेकीने मान वर केली नाही, पण तिचा डावा हात पदराआड, स्विच फिरवावा तसा, हळूच उजवीकडे वळला.

जावयाच्या चेहऱ्यावर हसू थोडा वेळ तसंच राहिलं, काढून ठेवायचं विसरल्यासारखं. मग तो शांतपणे फाटकाकडे गेला, ते ओढून घेतलं आणि कडी घातली.

मिस्त्री दारासमोरच्या पायरीवर बसले. सोडायला घेतलेली बुटाची नाडी त्यांनी पुन्हा घट्ट बांधली.