सोपानराव, जेवलात का?

रोहिणी रावेतला राहायची आणि एका आयटी कंपनीत नोकरी करायची. उरलेल्या वेळात ती 'सांगावा' नावाच्या मेसेजिंग प्रोग्रॅमची मराठी माहितीपुस्तिका सांभाळायची. प्रोग्रॅम ओपन सोर्स होता, म्हणजे कोड सगळ्यांना खुला आणि काम करणारे सगळे हौशी. कोड रविराज बघायचा, पुस्तिका रोहिणी.

पहिला मेसेज कसा पाठवायचा, ते पुस्तिकेच्या आठव्या पानावर होतं. तिथे उदाहरणाला नाव हवं होतं. रोहिणीने घाईघाईत कुरुळीला राहणाऱ्या आपल्या वडिलांचं, सोपानरावांचं, खरंखुरं खातं टाकलं, मेसेज लिहिला 'जेवलात का?' आणि विसरून गेली.

लोक पान वाचून अगदी तस्संच करायचे. रोज पंधरा-वीस अनोळखी माणसं सोपानरावांना जेवलात का विचारू लागली. कंपनीतून रिटायर झाल्यापासून त्यांची एवढी चौकशी कुणी केली नव्हती. ते प्रत्येकाला खरं उत्तर द्यायचे. "व्हय, आत्ताच. मेथीची भाजी हुती. तुमी?"

एका सकाळी पुनावळ्याच्या सुजितने प्रोग्रॅम नीट चालतोय का बघायला चार वेळा तोच मेसेज पाठवला. चारही वेळा उत्तर आलं, "आजून न्हाई." सुजितला गलबलून आलं. त्याने पत्ता विचारून घेतला आणि दुपारी चाकणला सेकंड शिफ्टला जाता जाता खिचडीचा डबा घेऊन दारात हजर झाला.

कौशल्याबाईंनी लेकीला फोन लावला. "रोहिणे, तुझ्या बापाला मी उपाशी ठिवते असं कुनी सांगितलं गं साऱ्या जगाला?"

"आई, झालं काय?"

"परका पोरगा खिचडी घिऊन आला! आन् ह्यांनी जेवनावर ती बी खाल्ली!"

रोहिणीने आठवं पान उघडलं आणि कपाळावर हात मारला. लगेच वडिलांचं नाव काढून तिने 'नमुना१' टाकलं.

तीन दिवसांत अकरा तक्रारी आल्या. 'पान आठप्रमाणे केले. उत्तर येत नाही. प्रोग्रॅम बिघडला आहे.' रविराजने सगळा कोड चाळला आणि शेवटी तिला फोन केला.

"आपोआप उत्तर देणारा भाग सापडेना राव. कुणी काढला?"

"तो भाग नव्हता रे. माझे वडील होते."

रविराजने उघडलेला कोड बंद केला. "मग परत बसवता येतील का?"

रोहिणीने कुरुळीला फोन केला. सोपानराव मोबाइल मांडीवर घेऊन ओट्यावर बसून होते. "तीन दिस झालं, कुनी इचारंना," ते म्हणाले. "माझं काय चुकलं का गं?"

त्याच दिवशी रोहिणीने त्यांचं नाव परत टाकलं आणि खाली टीप दिली: 'उत्तर अकरा ते दोन या वेळेत मिळेल. उत्तर काहीही आले तरी डबा आणू नये.'

सोमवारी बरोबर अकराला पहिला मेसेज आला. सोपानराव टाइप करू लागले. कौशल्याबाई मागून वाकून वाचत होत्या.

"पिठलं-भाकरी एवढंच? ठेचा कुनी केला मग? लिवा की!"

सोपानरावांनी लिहिलं. पलीकडून प्रश्न आला, ठेचा कसा करतात? ते उत्तर लिहायला लागले तोच कौशल्याबाईंनी त्यांच्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि चष्मा शोधू लागल्या.