मेंढरं दिली

आबांना पैठणला न्यायची कल्पना माझी नव्हती, माझ्या भावाची होती. रामेश्वरला कल्पना सुचतात आणि त्या निस्तरायला मी असते. रविवारी सकाळी, आठवडाभराच्या ऑडिटनंतर मला फक्त झोपायचं होतं, तर याचा फोन.

"योगे, आज व्यापारी येणार हाय. तू आबाला घिऊन कुठंतरी जा. धरण दाखव. आन मेंढरांचं तूच सांग. माझ्यानं नाय व्हायचं."

"घरातच सांगते की."

"घरात नको. भिंतीकडं बघत बसंल दिवसभर. भाईर नेऊन सांग."

आमचे आबा, सोनाजी, सिल्लोडच्या पुढं आमच्या खेड्यात राहतात. सगळा जन्म मेंढरांमागं गेला. आई गेल्यावर तर त्यांना मेंढरं आणि कळपाच्या कुत्र्याशिवाय कुणी उरलंच नाही. आता गुडघे गेलेत, कमी दिसतं, हिवाळ्यात दोनदा ओढ्यात पडले, तरी सकाळ झाली की निघालेच. रामेश्वर टेम्पो चालवतो, त्याला कळपामागं जाता येत नाही. त्याच्या मुलांना जायचं नाही. चारायला गायरानं उरली नाहीत. कळप मोडायचा हे काही चूक नव्हतं. पण आबांना चार दिवस आधी माझ्याकडं शहरात पाहुणचाराला पाठवून मागं मोडायचा, हे मला पटलं नव्हतं आणि मी त्याला तसं बोललेही. तो म्हणाला, "इचारलं तर देऊ देतील का?" यावर भांडायचं माझ्यात त्राण नव्हतं.

तर दुपारी निघालो. आबांची काठी गाडीत मावेना, शेवटी दोन सीटच्या मधून तिरकी घातली. क्रांती चौकातल्या सिग्नलला तिचं टोक माझ्या कोपराला टोचत होतं आणि मागचा रिक्षावाला उगाच हॉर्न वाजवत होता. मी काच खाली करून त्याला दोन शब्द ऐकवले. आबा म्हणाले, "कशाला वरडतीस माय, जाईल की त्यो बी." त्यांना या शहरात आल्यापासून कशाचाच राग येत नव्हता. जेवतही नव्हते. अर्धी पोळी मोडायची आणि ताट सारायचं.

पैठण रस्त्याला लागल्यावर ते जरा सरळ बसले. फाल्गुन लागला होता, ऊन आत्ताच चटके देत होतं. बांधावर कुठंकुठं पळस फुलले होते. गव्हाची सोंगणी झालेली रानं दोन्ही बाजूंना मोकळी पडली होती आणि आबा एकेका रानाकडं मान वळवून बघत होते.

"हितं बसवाया पायजेत मेंढरं. बघ की कसलं रान हाय."

मेंढरं बसवायची म्हणजे पीक निघाल्यावर रात्री कळप त्या शेतात ठेवायचा. लेंडीखत शेताला, धान्य मेंढक्याला. लहानपणी अशा कितीतरी रानांत मी आईच्या कुशीत झोपलेय. मी नुसतं "हं" म्हटलं. आत्ता सांगावं असं वाटलं आणि समोर उसाचा ट्रॅक्टर आला. पुढच्या गावात सांगू म्हटलं, तर पुढचं गाव मागं पडलं. मी अशी भित्री नाही. कंपनीत साहेबाच्या तोंडावर माल नापास करते. पण आबांपुढं माझं घोडं अडलं होतं.

बिडकीनच्या पुढं एका रसवंतीवर थांबलो. व्यापारी येऊन गेला का, असा मेसेज मी रामेश्वरला टाकला. रस यायच्या आधीच त्याचं एका शब्दाचं उत्तर आलं: झालं.

रस आल्यावर मी एकदाचं तोंड उघडलं. "आबा, भाऊनं मेंढरं दिली."

आता हे नीट सांगायला हवं. आमच्या घरात मेंढरू 'विकलं' म्हणत नाहीत. आबांच्या आईपासून ही रीत आहे. विकलं म्हटलं की बरकत जाते, म्हणून 'दिलं' म्हणायचं. लेक देतात तसं. मीही तेच म्हटलं, त्यांना कमी लागावं म्हणून. पण शहरात राहून मी एक विसरले. 'दिली'चा आमच्यात दुसराही अर्थ आहे. वाट्यानं दिली. म्हणजे दुसऱ्याच्या कळपात सांभाळायला दिली. मेंढरं आपलीच, कोकरं निम्मी त्याची निम्मी आपली.

आबांनी ग्लास खाली ठेवला. त्यांच्या तोंडावर हळूहळू हसू आलं.

"बन्सीला दिली व्हय? आरं वा! अक्कल आली म्हणायची पोराला."

बन्सी म्हणजे त्यांचा मावसभाऊ, कन्नडकडं त्याचा मोठा कळप आहे.

"मीच म्हणणार व्हतो त्याला. माझे गुडघे जरा नीट होस्तवर बन्सीकडं ऱ्हाऊ दे. पर म्हणलं, रामेश्वरला काय वाटंल, म्हातारा काम टाळाया बघतो." मग रसवाल्याला म्हणाले, "आजून एक दे रे बाबा, बर्फ नको."

त्या माणसानं चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर काही घेतलं. मी काय बोलणार होते? पैसे देऊन गाडी काढली. धरणापर्यंतचा सगळा रस्ता ते बोलत होते. बन्सीकडं पाणी चांगलं आहे. दिवाळीत वाटणी होईल तेव्हा आपल्या वाट्याला माद्या जास्त मागायच्या. तोवर आपण लेकीकडं राहू, काय हरकत आहे? मी स्टेअरिंग धरून बसले होते आणि मला इतकं दमल्यासारखं वाटत होतं की गाडी बाजूला घेऊन तिथंच डोकं टेकावं. भावाचा राग येत होता, त्याहून जास्त माझाच. एक शब्द धड बोलता आला नाही.

धरणावर गर्दी होती. आम्ही अलीकडंच, पाणी दिसेल अशा एका बाभळीखाली थांबलो. आबांनी पाण्याकडं एकदा बघितलं, बरंय म्हणाले आणि वळले.

"बन्सीला फोन लाव. टिकलीचं सांगाया पायजे. तिच्या खुरात जखम हाय, वल्या रानात नको नेऊ म्हणावं. त्याला ठावं नसंल."

मी फोन हातात घेतला. नंबर काढला नाही.

"लाव की."

"आबा," मी म्हटलं, "विकली."

आमच्या घरात हा शब्द मी पहिल्यांदा उच्चारला. दुसरा शब्द शिल्लकच नव्हता.

"काय?"

"बन्सीकाकाला नाही दिली. व्यापाऱ्याला विकली. आज सकाळी."

"समदी?"

"सगळी."

ते काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. मला वाटलं शिव्या देतील, निदान भावाच्या नावानं तरी. मी तयार होते. त्यांनी दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. ते पाण्याकडं बघत राहिले आणि मला रडू आलं. चाळिशीला आलेली बाई, भर रस्त्यात, ओढणीनं नाक पुसत रडले.

"रामेश्वरला लाव," ते म्हणाले.

त्यांना कमी ऐकू येतं म्हणून मी स्पीकर चालू केला. रामेश्वर "हॅलो" म्हणाला.

"कुत्रं कुठंय?" आबांनी विचारलं.

"मेंढवाड्यातच हाय, आबा."

"भाकर खाल्ली का?"

"नाय. मोकळ्या वाड्यात हुंगत फिरायलंय सकाळपस्नं. मधीच भाईर जातंय, रस्त्यापत्तर."

"बांध त्याला. मेंढरं नेलेल्या गाडीचा वास काढीत जाईल, आन सडकंवर मरंल."

"व्हय. आबा, मी काय म्हणतो..."

"बांध आदी. मी येतो."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि गाडीकडं चालू लागले. मी मागून म्हटलं, "आबा, आज कुठं? आता शहर पार करून सिल्लोडच्या पुढं म्हणजे अंधार होईल. उद्या सकाळी सोडते. कुत्र्याला भाऊ बघेल की."

आबांनी काठी परत तिरकी आत घातली आणि गुडघा धरून बसले. दार मीच लावलं.

"त्याला नाय जमायचं," ते म्हणाले. "मुकं जनावर हाय ते. त्याच्यापाशी बसून, अंगावर हात फिरवून सांगावं लागतंय. रामेश्वरला तर मला सांगाया बी नाय जमलं."

मी गाडी सुरू केली.