चंद्रोदयाची वेळ

आमच्या घराची एक भिंत रस्त्याकडे होती. डोंबिवलीहून मानपाड्याकडे जाणारा तो रस्ता तेव्हा अरुंद होता आणि समोर नव्या बिल्डिंगी उठत होत्या. चौऱ्याऐंशी साली मी त्या भिंतीवर काळा रंग देऊन फळा करून घेतला. रंग आमच्या यांनी, दामाजींनी, कंपनीतून आणला होता. "मॅट्रिक झालीस, आता भिंत तरी काळी कर," असं म्हणून ते स्वतःच हसले होते.

रोज सकाळी डबे भरून झाले की मी ओल्या फडक्याने फळा पुसायचे आणि लिहायचे. जे दुसरं कुणी लिहून ठेवत नव्हतं, ते लिहायचे. माझं माहेर ठाण्याचं, खाडीकाठचं, मिठागरावर राबणारं. जन्मभर मिठात उभ्या राहिलेल्या माणसाचे पाय चितेवरही लवकर जळत नाहीत, असं आमच्यात म्हणतात. ते लिहिलं. लग्नातली गाणी लिहिली. सासरच्या गावातल्या शेतांची नावं लिहिली, कारण त्या शेतांना आता लोक ए विंग, बी विंग म्हणू लागले होते.

पहिली दोन वर्षं कुणी वाचलं नाही. एक गाय तेवढी भिंतीला अंग घासायची आणि अर्धा मजकूर पाठीवर घेऊन जायची. सासूबाई ओट्यावर बसून बघत. त्यांना अक्षर येत नव्हतं.

"आज काय लिवलंस गो?"

मी वाचून दाखवायचे. पटलं तर म्हणायच्या, "खरा हाय." नाही पटलं तर तोंडातलं पान थुंकायला उठायच्या.

मग समोरच्या बिल्डिंगीत हरिहर टिपणीस राहायला आले. बँकेत होते, बोलायला गोड. एक दिवस पिशवी हातात घेऊन फळ्यापुढे थांबले.

"वहिनी, अक्षर मोत्यासारखं आहे हो तुमचं. पण परवा फळा कोरा होता."

"परवा मुलगी तापाने फणफणली होती, भाऊ."

"असेल. पण वाचकाला त्याचं काय? दूधवाल्याने खाडा केला की आपण काय करतो? दोनदा बघतो, तिसऱ्यांदा दुसरा लावतो."

ते माझ्या मनाला लागलं. त्या दिवसापासून मी खाडा केला नाही. त्यांनी आणखी एक सांगितलं, "आधी लोकांच्या कामाचं द्या. मग हळूच तुमचं वाचायला लावा. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ लिहून बघा."

खरं तर गावात वेळ कुणाला लागत नव्हती. मलंगगडाच्या अंगाला चंद्र वर आला की बायका ओट्यावरून हाक मारायच्या आणि घरोघरी पानं वाढली जायची. पण बिल्डिंगींमुळे आता मलंगगड दिसत नव्हता, चंद्रही दिसत नव्हता. मी पंचांगात बघून वेळ लिहिली. त्या संध्याकाळी फळ्यापुढे इतकी माणसं उभी राहिली की रिक्षावाल्याला हॉर्न वाजवावा लागला. मी खिडकीतून बघत होते. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला.

मग पाण्याची वेळ आली. वीज कधी जाणार, रॉकेल कधी येणार, कुणाचं निधन, कुणाची पूजा. वर्षागणिक माझा मजकूर खाली खाली सरकत गेला आणि शेवटी उजव्या कोपऱ्यात वीतभर जागेत येऊन बसला. पण लोक थांबत होते. डोंबिवली स्टेशनवरचा भाजीवालासुद्धा "फळ्यावाल्या बाई" म्हणून मला ओळखायचा. मुलीच्या लग्नाच्या सकाळी हळदीच्या हातांनी मी फळा लिहिला. हे वारले, त्या सकाळी टिपणीस दारात आले, डोळे पुसले आणि म्हणाले, "वहिनी, फळ्यावर लिहायचं ना? दुसऱ्याच्या अक्षरात बरं दिसणार नाही." मीच लिहिलं. दुःखद निधन. दामाजी गेले. खाली पाण्याची वेळ.

हे गेल्यावर थोरले दीर, परशुराम भाऊजी, सगळं बघू लागले. चौऱ्याण्णव साली त्यांनी बावीची जागा दुकानांच्या गाळ्यांसाठी देऊन टाकली. बाव म्हणजे आमच्या गावची विहीर. सासूबाईंच्या सासऱ्यांनी खणलेली. लग्नघरच्या बायका वाजतगाजत पहिलं पाणी तिथून आणायच्या. आणि ज्या उन्हाळ्यात मोठी पाइपलाइन फुटली होती, त्या उन्हाळ्यात समोरच्या तिन्ही बिल्डिंगींनी बावीच्याच पाण्यावर दिवस काढले होते. टिपणीस स्वतः लुंगी खोचून दोन बादल्या नेत होते.

"भाऊजी, बाव गावाची आहे," मी म्हणाले.

"सातबाऱ्यावर गाव नाय, शेवंता. आपण हाव."

सासूबाई त्यांच्या सख्ख्या आई, पण त्यांचंही त्यांनी ऐकलं नाही. रात्रभर म्हातारी पाटावर बसून होती. सकाळी मला म्हणाली, "तुझ्या फल्याला येवरी लोका येतान. लिव ना गो."

बाव बुजवायचा दिवस ठरला होता, आणि त्याच्या आदल्या दिवशी संकष्टी होती. संकष्टीला फळ्यापुढून कुणी न थांबता जात नाही, हे मला माहीत होतं. मी पाणी, वीज, रॉकेल सगळं काढून टाकलं. मोठ्या अक्षरांत लिहिलं: "उद्या सकाळी नऊ वाजता आपली बाव बुजवणार आहेत. जिचं पाणी तुम्ही प्यालात, तिच्या काठावर येऊन फक्त उभे राहा. पन्नास माणसं दिसली तर डंपर परत जाईल." चंद्रोदयाची वेळ खाली, बारीक लिहिली.

संध्याकाळी नेहमीसारखी गर्दी झाली. मी दारातच उभी होते. लोक वाचत होते, माना हलवत होते. एक बाई म्हणाली, "अरेरे." टिपणिसांनी चष्मा वर केला, पूर्ण वाचलं, मग वाकून खालची ओळ वाचली.

"ठळक लिहिलंत वहिनी, परिणाम होतो," ते म्हणाले. "फक्त चंद्रोदय शोधावा लागला. तो वरच असू दे."

"उद्या येताय ना, भाऊ?"

"उद्या वर्किंग डे ना," असं म्हणून त्यांनी घड्याळात बघितलं.

सकाळी बावीवर मी होते, सासूबाई होत्या, आणि गावातल्या तीन म्हाताऱ्या. समोरून लोक स्टेशनकडे जात होते. काहींनी मला ओळखून मान लववली. भाऊजी डंपरजवळ उभे होते. ते ओरडले नाहीत, शिवी दिली नाही. हसून म्हणाले, "शेवंता, तुझं गिऱ्हाईक आज उठलंच नाय गो." मग ड्रायव्हरला हात केला.

पहिला दगड पडला तेव्हा खालून पाण्याचा आवाज आला. नंतर नंतर आवाज येईना.

परत येताना सासूबाईंनी विचारलं, "लोकांनी वाचला नव्हता का गो?"

"वाचलं होतं, आई."

"मंग कशाला लिवतंस?"

मी फळा पुसला आणि लिहिलं नाही. पहिल्या दिवशी दोघं दार वाजवून गेले, पाणी किती वाजता म्हणून. दुसऱ्या दिवशी एकच आला. तिसऱ्या दिवशी कुणी नाही. महिन्याच्या आत बावीच्या जागेसमोर नवा फळा उभा राहिला, लोखंडी, वर ट्यूबलाइट, तिच्यावर भाऊजींचं नाव. पुढच्या वर्षी महापालिकेची निवडणूक व्हायची होती.

त्या नव्या फळ्याच्या दुसऱ्या संकष्टीला मी तिकडून येत होते. फळा लिहिणाऱ्या भाऊजींच्या मंडळातल्या कुणीतरी चंद्रोदयाची गेल्याच महिन्याची वेळ तशीच ठेवली होती. चंद्राला अजून तासभर तरी होता. गर्दीत टिपणीस होते.

"भाऊ, ही वेळ चुकली आहे. मी पंचांगात बघितलंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग फळ्याकडे. अगदी समजुतीच्या आवाजात म्हणाले, "असं कसं वहिनी? लिहिलंय की तिथे."

आठ वर्षं एकही दिवस न चुकता मी त्यांना हीच सवय लावली होती. ते घरी गेले. थोड्या वेळाने समोरच्या तिन्ही बिल्डिंगींतून ताटं मांडल्याचे आवाज येऊ लागले.

आम्ही दोघी ओट्यावर बसून राहिलो. समोर सिमेंटच्या भिंती होत्या. सासूबाईंनी दोनदा विचारलं, "उगवला का गो?"

"अजून नाही, आई," मी म्हणत राहिले.