गिळलं, पण पचवलं नाही

जळगावच्या जिल्हा विज्ञान प्रदर्शनात मी आमची बाटली टेबलावर ठेवली. रावेरहून निघताना आतलं पाणी हिरवट, गढूळ होतं. आता ते काचेसारखं स्वच्छ.

"मयुरी, पाण्याला काय केलंस?"

"तुरटी फिरवली. अगं आयत, किती घाण दिसू राहिलं होतं."

मयुरी केळीवाल्यांच्या घरची. पेटीत भरण्याआधी ते केळीच्या फण्या तुरटीच्या पाण्यात बुडवतात, म्हणजे चीक निघून जातो. तिचा हात तुरटीकडे आपोआप जातो. पण त्या गढूळ पाण्यातच आमचा अख्खा प्रकल्प पोहत होता.

आमचं म्हणणं असं: फार फार पूर्वी एका पेशीने दुसरीला गिळलं, पण पचवलं नाही. ती आतच राहिली, वाढली, आणि तिचेच वंशज म्हणजे आपल्या पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका. तालुक्याच्या प्रदर्शनात परीक्षक हसले होते. "गोष्ट छान आहे. जिल्ह्याला जिवंत काही दाखवा, नाहीतर येऊ नका." म्हणून आम्ही मयुरीच्या शेततळ्यातून हिरवा पॅरामेशियम शोधून आणला. एकाच पेशीचा जीव, पण पोटात जिवंत शेवाळ पाळणारा. शेवाळ त्याला साखर देतं, तो शेवाळाला घर देतो.

मी थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. रिकामा. दुसरा थेंब, तोही रिकामा. परीक्षक शेजारच्या टेबलापाशी पोचले होते.

"मी सांगते त्यांना, माझ्यामुळे झालं," मयुरी डोळे पुसत म्हणाली.

"रडायचं नंतर. तुरटी फिरवल्यावर गाळ कुठे जातो?"

"तळाशी!" ती म्हणाली. मग बाटली न हलवता तिने ड्रॉपर थेट तळाला नेला.

"बोला मुलींनो," परीक्षक आले.

मागच्या वर्षी मी वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायचे. आता मीच बोलायला लागले, आणि मुद्दाम सावकाश. तंतुकणिकेचा स्वतःचा डीएनए, तिचा दुहेरी पडदा, जीवाणूंसारखं तिचं दुभागणं. मयुरी काच सरकवत होती, मान हलवत होती. नाही. नाही.

"हे पुस्तकात आहे," ते म्हणाले. "तुमचं काय?"

मी मयुरीकडे पाहिलं.

"सर, या इकडे. लवकर, पळू राहिलंय ते."

ते वाकले. चाक फिरवून नीट पाहिलं. मग म्हणाले, "हिरवं दिसतंय. पण ते त्याचं जेवणही असू शकेल. उद्या पचवून टाकेल."

"नाही सर," मी म्हणाले. "तो दुभागतो तेव्हा दोन्ही पिल्लांच्या पोटात हे हिरवं जातं. आम्ही पाहिलंय. जेवलेलं कुणी पोरांना वारशात देतं का?"

त्यांनी डोळा काढला नाही. "आणि बाकीचे कुठे गेले? एवढाच कसा?"

मयुरी म्हणाली, "मी तुरटी फिरवली, सर. चिकटून तळाशी बसले सगळे."

ते सरळ झाले, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडे वळता वळता म्हणाले, "राज्याला येताना तुरटी घरी ठेवा."

मयुरीने दप्तरातून तुरटीचा खडा काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

"तूच सांभाळ," ती म्हणाली. "माझा भरवसा नाही."