वास येतो म्हणणारी

पॉलिशवाल्यांच्या घरात दूध करपलं तरी कुणाला पत्ता लागत नसे. नव्या सुनेला, म्हणजे सगळे जिला नुसतं ‘नवी’ म्हणत तिला, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. ती अंघोळीला गेली होती. तिचा नवरा आणि त्याचे थोरले काका गॅसपासून हातभर अंतरावर पेपर वाचत बसले होते, आणि पातेलं काळंठिक्कर. ती ओल्या केसांनी धावत आली, तर थोरले विचारतात, एवढी पळापळ कशाला? तिला हसूच फुटलं. पुढे ते हसू कुठल्या कुठे पळालं.

खाली फर्निचर पॉलिशचा कारखाना आणि वर बिऱ्हाड. थोरले त्या कामातलं बडं प्रस्थ. कपाटावरून नुसतं बोट फिरवून पॉलिशचे हात किती बसलेत ते सांगत. पण जन्मभर थिनर आणि स्पिरिट हुंगून त्यांचं नाक पार मेलं होतं, नवऱ्याचंही त्याच वाटेवर होतं, आणि गंमत म्हणजे दोघांनाही याची गंधवार्ता नव्हती. आंधळ्याला निदान आपण आंधळे आहोत हे ठाऊक असतं. नाक गेलेल्या माणसाला वाटतं, वास येत नाही म्हणजे वास नाहीच. त्यामुळे खालच्या कोठीत थिनरची पिंपं असत त्यांना घट्ट झाकण लावायची या घरात पद्धतच नव्हती. रोज उघडायचं ते बंद कशाला करायचं, असा सरळ कारभार. थिनरमध्ये भिजलेल्या चिंध्याही तिथेच ढीग घालून टाकलेल्या.

आणि त्या कोठीच्या बरोबर डोक्यावर, फळ्यांच्या जमिनीवर, नव्या जोडप्याची खोली.

आधी नवीचं डोकं दुखायला लागलं. मग उलट्या. शेजारच्या बायका गालातल्या गालात हसल्या, गोड बातमी म्हणून. बातमी कसली डोंबलाची! खोलीत बसलं की भिंती फिरायच्या, बोटं बधिर व्हायची, आणि रस्त्यावर एक चक्कर मारून आलं की ठणठणीत. नवराही सकाळी डोकं धरूनच उठे, पण तो म्हणे कामाचा शीण. एक दिवस जेवताना ती सहज बोलून गेली, की आमच्या खोलीत कसलासा उग्र वास येतो, त्यानंच मला असं होतं.

सगळ्यांचे घास हातातच राहिले. थोरले जेवण अर्धं टाकून उठले. सासूबाई पाणी आणते म्हणून आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत.

मग नवऱ्याने तिला एकीकडे घेऊन सांगितलं. थोरली काकू कधीच वारली असं लग्नात सांगितलं होतं ना, ती वारलेली नाही. ती वेड्यांच्या इस्पितळात आहे, तो रांगत होता तेव्हापासून. याच खोलीत राहायची. वास येतो म्हणायची, मला कुणीतरी विष घालतंय म्हणायची, वेळीअवेळी घराबाहेर पळत सुटायची. शेवटी डॉक्टर आले आणि घेऊन गेले.

“तो शब्द पुन्हा तोंडातून काढू नकोस,” तो म्हणाला. “काका फार घाबरलेत.”

काका घाबरलेत म्हणे. आणि हिच्या जिवाचं काय झालं असेल? त्या दिवसापासून तिला श्वास घ्यायचीही चोरी झाली. खिडकी उघडली की थोरले अंगणातून वर बघत. ती जिन्यात जरा रेंगाळली की खाली कारखान्यात घासकागदाचा आवाज थांबे. ती एकटीच साबण हुंगून बघे, कांदा हुंगून बघे, स्वतःचा हात हुंगून बघे. सगळे वास जिथल्या तिथे होते. पण काकूलाही असंच वाटलं असेल ना? खरं बोलावं तर इस्पितळ, गप्प बसावं तर ती खोली. इकडे आड, तिकडे विहीर.

एकदा सासूबाई वाळलेले कपडे ठेवायला आल्या. नवी दाराआड होती, हे त्यांना दिसलं नाही. उंबऱ्यात त्या थांबल्या, छाती भरून श्वास घेतला, तोंड मिटलं, भराभर कपडे कपाटात कोंबले आणि बाहेर येऊन पाण्यातून वर आल्यासारखा श्वास सोडला. नवी त्यांच्या वाटेत उभी राहिली.

“तुम्हालाही येतो,” ती म्हणाली.

सासूबाई मटकन खालीच बसल्या. मग रडत रडत जे सांगितलं ते असं. त्यांचा हात कधी कारखान्याला लागला नव्हता, म्हणून नाक शाबूत. तेव्हा त्याही या घरात नव्याच होत्या, मांडीवर मूल. जाऊबाईंनी त्यांना पाठच्या बहिणीसारखं सांभाळलं होतं. जाऊबाईंना न्यायला आलेले डॉक्टर खाली कारखान्यात बसले होते. त्यांनी विचारलं, असा वास आणखी कुणाला येतो का? थोरले दीर समोर उभे. सासूबाईंच्या तोंडून निघून गेलं, नाही. वाटलं, चार दिवसांत आणतील परत. चार दिवसांनी बोलावं तर आपलं खोटं उघडं पडणार. मग वर्ष गेलं, मग त्यांचा नवरा वारला, आणि पोट थोरल्यांच्या हातात आलं.

नवीला दया आली नाही. राग आला, आणि रागापेक्षा भीती जास्त. उद्या माझ्यासाठी डॉक्टर आले तर हीच बाई पुन्हा नाही म्हणेल, हे तिला लख्ख दिसलं.

आणि आलेच डॉक्टर. थोरल्यांनीच बोलावले होते. अर्धवट पॉलिश झालेल्या टेबलापाशी त्यांना खुर्ची दिली आणि हळू, काळजीच्या आवाजात सगळं सांगितलं. दुष्ट माणूस असता तर भांडता तरी आलं असतं. थोरले बिचारे खरंच घाबरले होते. डॉक्टरांनी नवीला विचारलं, वास कसला? ती म्हणाली, वर चला, तुम्हीच बघा. थोरल्यांनी हात जोडले. म्हणाले, मागच्या वेळी डॉक्टर बजावून गेले होते, की असल्या खुळाला खतपाणी घालू नका. डॉक्टर किंचित हसले. पॉलिशच्या कारखान्यात पॉलिशचा वास येणारच की. आणि त्यांनी विचारलं, हा वेगळा वास घरात आणखी कुणाला येतो?

सासूबाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. नवीनं त्यांच्याकडे मुद्दाम बघितलं नाही. बघितलं असतं तर म्हणाले असते, पढवलंय.

“मला येतो,” सासूबाई म्हणाल्या. “तेव्हाही येत होता. मी खोटं बोलले, भाऊजी.”

थोरल्यांनी टेबलाचा आधार घेतला. ओल्या पॉलिशवर पाचही बोटं उमटली आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. डॉक्टर वर गेले ते नाकाला रुमाल लावूनच खाली आले, आणि आधी सगळ्यांना घराबाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई, नवी आणि थोरले इस्पितळात गेले. थोरल्यांचे पाय फाटकाशीच अडले. तिथल्या नर्सनं सांगितलं, बाई फार गुणी आहेत, वासाची तक्रार तर कधीच बंद झाली. घरचं कुणी न्यायला आलं की पाठवायचं ठरलं होतं, पण कुणी आलंच नाही.

काकू धुलाईच्या खोलीत टॉवेलांच्या घड्या घालत होती. केस बारीक कापलेले. सासूबाई तिच्या गळ्यात पडल्या, हुंदके देत सगळं सांगितलं, पिंपं, कोठी, वास, आपण बोललेलं खोटं. काकूनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. रडली नाही, रागावली नाही. घरी न्यायला आलोय म्हटल्यावर मात्र तिचे हात थांबले. तिनं नर्सकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि नवीच्या अगदी जवळ येऊन, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात बोलली.

“मला नीट सांगून ठेवा, बाई. तिथे गेल्यावर कुणी विचारलं, तर आता काय म्हणायचं? येतो म्हणायचं, की येत नाही म्हणायचं?”

काकू नवीच्या तोंडाकडे बघत उत्तरासाठी थांबून राहिली.